दिव्याखालचा अंधार आणि अँथुरियमचे फूल

दिव्यात राहणाऱ्या विद्यार्थ्याची वर्गात ओळख झाली की 'दिव्याखाली अंधार' ही म्हण कोणीतरी हटकून उच्चारतो. थट्टेचा भाग सोडला तरी आमच्या गावाच्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी आहे. मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावरून पनवेलकडे आणि वसईकडे फाटे जेथे फुटतात, ते हे दिवा जंक्शन. एकेकाळी खाडीकाठच्या खाजणांनी आणि भातशेतांनी वेढलेल्या या गावात आज इमारतींची इतकी दाटी झाली आहे की पुष्कळ घरांत भर दुपारी बारा वाजता विजेचा दिवा लावावा लागतो. माणूस दिवा लावून आपले काम भागवतो. पण खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवलेल्या कुंडीतल्या झाडाचे काय?

हा प्रश्न मला पडला तो अँथुरियममुळे. लाल, चकचकीत, पानाच्या आकाराचे फूल असलेले हे रोप हल्ली गणपतीच्या किंवा दिवाळीच्या सुमारास पुष्कळ घरी येते. आणताना त्याला दोनतीन फुले असतात. ती दीडदोन महिने टिकतात आणि मग सुकतात. त्यानंतर पाने हिरवी राहतात, पण नवे फूल काही येत नाही. कोणी खत बदलतो, कोणी कुंडी बदलतो, कोणी दुकानदाराला बोल लावतो. भूगोलाचा विद्यार्थी म्हणून मी आमच्या इमारतीतील अशा सातआठ कुंड्यांचे वर्षभर निरीक्षण केले, आणि खताहून, कुंडीहून आणि दुकानदाराहूनही अधिक महत्त्वाची गोष्ट उजेड आहे, अशा निष्कर्षाला आलो. तो उजेड ओळखावा कसा, मोजावा कसा आणि मिळवावा कसा, याचा विचार या लेखात केला आहे.

हे फूल मुळात कोठले?

अँथुरियम हे आपल्या अळूचे आणि सुरणाचे भाऊबंद आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ठाणे-कल्याणच्या बाजारात आदिवासी बायका शेवळे विकायला आणतात, ती ज्यांनी पाहिली असतील त्यांना अँथुरियमच्या फुलाची रचना वेगळी समजावून सांगायला नको. शेवळ्यात जसा मधला दांडा आणि त्याला वेढणारे आवरण असते, तशीच रचना येथेही आहे. ज्याला आपण अँथुरियमचे लाल फूल म्हणतो ते वस्तुतः फूल नव्हेच. ते एक रंगीत पान आहे. वनस्पतिशास्त्रात त्याला महाछद म्हणतात. खरी फुले अगदी बारीक असून ती मधल्या शेपटीसारख्या दांड्यावर, म्हणजे स्थूलकणिशावर, दाटीने बसलेली असतात. 'अँथुरियम' या नावाचा ग्रीक अर्थही 'फुलशेपटी' असाच आहे. कच्च्या अळूने घसा खवखवतो त्याच कारणाने अँथुरियमचे पानही तोंडाला खाजरे असते. तेव्हा घरात लहान मूल असेल तर कुंडी त्याच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

एद्वार आंद्रे या फ्रेंच संशोधकाला हे रोप १८७६ साली कोलंबियात आढळले, आणि त्याच्याच नावावरून या जातीला आंद्रिएनम हे नाव पडले. १८८९ मध्ये ते हवाई बेटांवर पोचले व तेथे त्याचा मोठा व्यापार उभा राहिला. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते त्याचे मूळ घर. कोलंबिया आणि एक्वादोर येथील दमट, ढगाळ अरण्यात ते मोठ्या झाडांच्या आश्रयाने वाढते. तेथे वर पानांचे छत असते. त्यातून गाळून आलेला उजेड मात्र दिवसभर, आणि विषुववृत्त जवळ असल्यामुळे बाराही महिने जवळजवळ बारा तास मिळतो. भर ऊन नाही आणि काळोखही नाही, अशी ही मधली स्थिती आहे. आपल्याकडे अँथुरियमची शेती करणारे लोक सुमारे पंचाहत्तर टक्के ऊन अडवणारी जाळी वर बांधतात, त्याचे कारण हेच. त्या जाळीखालून दुकानात आणि दुकानातून आमच्या अंधाऱ्या खोलीत आलेले रोप फुलायचे थांबते, यात नवल नाही.

जमा आणि खर्च

पुष्कळांची अशी समजूत असते की खत हे झाडाचे अन्न. खरे पाहता खत हे मिठामसाल्यासारखे आहे. झाड आपले अन्न स्वतः शिजवते आणि त्या चुलीचे जळण म्हणजे उजेड. यान इंगेनहाउस या डच वैद्याने १७७९ साली प्रयोगाने दाखवून दिले की पाण्यात बुडवलेल्या हिरव्या पानांतून वायूचे बुडबुडे निघतात ते उजेडात, अंधारात नाही. म्हणजे पानांचा हा उद्योग उजेडावाचून बंद पडतो.

आता झाडाचा संसार आपल्या घरखर्चाच्या वहीप्रमाणे मांडून पाहू. दिवसा उजेडात जे अन्न तयार होते ती जमा. जगण्यासाठी जे खर्च होते तो खर्च. आणि हा खर्च रात्रंदिवस चालू असतो. जमेपेक्षा खर्च अधिक झाला तर झाड हळूहळू खंगते. जमा आणि खर्च सारखे झाले तर ते नुसते जगते. जमा खर्चाहून अधिक झाली तरच शिल्लक उरते, आणि फूल हे त्या शिलकीतून येते. अँथुरियममध्ये तर हा हिशेब उघड दिसतो. वाढलेल्या रोपाच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक फूल येण्याची सोय निसर्गाने केलेली असते. पुरेसा उजेड असला की एक पान, एक फूल, असा क्रम चालतो. उजेड कमी पडला की कळी बगलेतल्या बगलेत जिरून जाते आणि आपल्याला फक्त पान दिसते. आपल्याकडे रात्रीही उकाडा असतो, आणि उष्णतेने झाडाचा हा खर्च आणखी वाढतो, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

याचा अर्थ कुंडी उन्हात नेऊन ठेवावी असा मात्र नव्हे. पान एका वेळी ठरावीक उजेडच कामी लावू शकते. त्यापलीकडचा उजेड वाया जातो, इतकेच नव्हे तर तो पान भाजतो. म्हणून तासभराचे कडक ऊन आठ तासांच्या सौम्य उजेडाची जागा घेऊ शकत नाही.

उजेडाचे माप

उजेड लक्स या एककात मोजतात. आपल्याकडे निरभ्र दुपारी उघड्यावर सुमारे एक लाख लक्स उजेड असतो. ढगाळ दिवशी तो दहावीस हजारांवर येतो आणि पावसाची काळी झड असेल तर त्याच्याही बराच खाली जातो. रात्री ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत मात्र तो जेमतेम शंभर ते तीनशे लक्स असतो. हा फरक आपल्याला जाणवत नाही, कारण आपला डोळा मोठा लबाड आहे. अंधारात त्याची बाहुली विस्फारते, उजेडात आकसते, आणि दोन्हीकडे 'बरे दिसते आहे' असेच तो आपल्याला सांगतो. पानाला अशी बाहुली नाही. 'आमच्या घरात चांगला उजेड आहे' हे आपले मत झाडाच्या कामाचे नसते, ते यामुळेच.

पंचाहत्तर टक्के ऊन अडवले की लाखाचे पंचवीस हजार उरतात. शेतकरी अँथुरियमला सुमारे पंधरा ते पंचवीस हजार लक्स देतात तो असा. घरात पाच ते दहा हजार लक्स दिवसाचे काही तास मिळाले तरी हे रोप फुलते. फुले थोडी कमी येतात एवढेच. हजाराच्या खाली ते केवळ तग धरते. हल्लीच्या मोबाइल फोनमध्ये उजेड मोजण्याची सोय करून घेता येते. ते माप काटेकोर नसले तरी दोन जागांची तुलना करायला पुरते. फोन मात्र पानाच्या जागी, पानाच्या उंचीवर धरावा.

फोन नसला तरी अडत नाही. दुपारी कुंडीच्या जागी पांढरा कागद ठेवावा आणि त्याच्या वर एक फुटावर हात धरावा. सावली काळी आणि कडा रेखीव असल्या तर ते ऊन आहे. अँथुरियमला ते सोसणार नाही. बोटे ओळखू येतात पण कडा पुसट आहेत, अशी सावली असेल तर जागा उत्तम. सावलीच उमटत नसेल तर तेथे फुलाची आशा धरू नये. ही परीक्षा सकाळी, दुपारी आणि चार वाजता अशी तीनदा करावी.

चार दिशांच्या चार खिडक्या

घरातील झाडांविषयीची बरीचशी इंग्रजी पुस्तके थंड देशांतील घरे डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली असतात. 'उत्तरेच्या खिडकीत ऊन कधीच येत नाही', हे त्यांतील विधान दिव्यात लागू पडत नाही. दिवा सुमारे १९.२ उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेस आहे. त्यामुळे मे महिन्याच्या मध्यास आणि जुलैच्या अखेरीस असा दोनदा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, आणि मधल्या काळात माध्यान्हीचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. शिवाय २१ मार्चपासून २३ सप्टेंबरपर्यंत तो पूर्व-पश्चिम रेषेच्या उत्तरेकडे उगवतो व मावळतो. म्हणून एप्रिल-मे महिन्यांत उत्तरेच्या खिडकीत सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन शिरते. सकाळचे चालते, संध्याकाळचे पडद्याने अडवावे.

पूर्वेची खिडकी सर्वांत चांगली. सकाळी साडेनऊ-दहापर्यंतचे कोवळे ऊन अँथुरियमला मानवते आणि पुढे दिवसभर आकाशाचा सौम्य उजेड मिळतो.

दक्षिणेच्या खिडकीचे गणित मोठे मनोरंजक आहे. डिसेंबरच्या अखेरीस माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून अवघा ४७ अंश वर असतो, तर मार्च आणि सप्टेंबरच्या २१-२३ तारखांना तो सुमारे ७१ अंशांवर असतो. समजा खिडकीवर दोन फुटांचा छज्जा आहे आणि खिडकी चार फूट उंच आहे. डिसेंबरात त्या छज्जाची सावली खाली सव्वादोन फुटांपर्यंतच पोचते, म्हणजे खिडकीच्या खालच्या पावणेदोन फुटांत भर दुपारचे ऊन येते. मार्चमध्ये तीच सावली पावणेसहा फुटांपर्यंत उतरते आणि सगळी खिडकी सावलीत जाते. एकाच खिडकीत कुंडी हिवाळ्यात दीडदोन फूट आत आणि उन्हाळ्यात अगदी काठावर ठेवावी लागते ती यामुळे.

पश्चिमेची खिडकी मार्च ते मे या काळात धोक्याची. दुपारी दोन ते पाचचे ऊन आणि तापलेले ग्रिल यांमुळे पान एका दिवसात करपते. जुन्या पांढऱ्या साडीचा किंवा धोतराचा एकेरी पडदा हा यावरील स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

जून ते सप्टेंबर या काळात मात्र सर्वच खिडक्यांचे दैन्य सारखे. आकाश झाकोळलेले, त्यात काचेवर बुरशी आणि ग्रिलवर पाऊस अडवण्यासाठी घातलेले प्लॅस्टिक. त्या दिवसांत कुंडी शक्य तितकी पुढे घ्यावी, काच पुसावी, आणि काळ्यानिळ्या प्लॅस्टिकऐवजी पारदर्शक वापरावे. पानांवर बांधकामाची आणि रस्त्याची धूळ बसते, तीही आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावी. धूळ हासुद्धा एक पडदाच आहे.

साडेत्रेसष्ट अंशांचा नियम

दिशेहूनही मोठा प्रश्न आमच्याकडे आहे तो समोरच्या भिंतीचा. खिडकी पूर्वेची असून काय उपयोग, जर पलीकडची इमारत हाताच्या अंतरावर असेल?

मुंबईत १८९६ साली प्लेगची साथ आली. दाट वस्तीतील कोंदट, अंधाऱ्या खोल्यांकडे तेव्हा सरकारचे लक्ष गेले आणि १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. त्या ट्रस्टने घरांना उजेड आणि हवा मिळावी म्हणून साडेत्रेसष्ट अंशांचा नियम पुरस्कारिला. त्याचा साधा अर्थ असा की समोरच्या इमारतीची उंची मधल्या मोकळ्या जागेच्या दुपटीहून अधिक असू नये. वीस फूट जागा सोडली तर चाळीस फूट उंची. तसे झाले की खालच्या खिडकीतून पाहणाऱ्याला साडेत्रेसष्ट अंशांच्या वर तरी आकाश दिसते.

आता हा नियम आमच्या गल्लीला लावून पाहा. समोरची इमारत खिडकीच्या पातळीपासून चाळीस फूट उंच आणि मधले अंतर दहा फूट असेल तर तो कोन ७६ अंशांचा होतो. गणित करता असे दिसते की समोर लांबच लांब भिंत असल्यास साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमानेसुद्धा खिडकीला मोकळ्या खिडकीच्या सुमारे एकदशांश इतकाच आकाशाचा उजेड मिळतो. आणि ७६ अंशांना तो अवघा तीन टक्क्यांवर येतो. भिंतीवरून परावर्तित होऊन येतो तो उजेड वेगळा. आणि म्हणूनच समोरची भिंत पांढरी असणे हे मोठे भाग्य समजावे! मुंबई बेटावर सव्वाशे वर्षांपूर्वी जो नियम कमीत कमी म्हणून सुचवला गेला, तो आज आमच्या अनेक गल्ल्यांत पाळलेला दिसत नाही. तळमजल्यावरचे अँथुरियम फुलत नाही याचे कारण कुंडीत नसून गल्लीच्या रुंदीत आहे.

म्हणून कुंडीची जागा ठरवताना मी एक सोपी रीत वापरतो. पानाच्या जागी आपला डोळा न्यावा आणि बाहेर पाहावे. आकाशाचा मोठा तुकडा दिसला तर जागा चांगली. चिंचोळी पट्टी दिसली तर मध्यम. आणि समोरची भिंतच दिसली तर ती जागा मनी प्लांटला द्यावी.

रोप काय सांगते?

इतके करूनही शंका राहिली तर रोपालाच विचारावे. देठ लांब, पाने लहान आणि गर्द हिरवी, सारे रोप खिडकीकडे झुकलेले, नवे आलेले फूल फिकट किंवा हिरवट, ही उजेड कमी असल्याची लक्षणे होत. पाने पिवळट पांढुरकी, मध्यभागी किंवा कडेला तपकिरी करपलेले डाग, फुलाचा रंग उडालेला, ही उजेड जास्त झाल्याची लक्षणे. रोप उजेडाकडे का वाकते याचा अभ्यास चार्ल्स डार्विनने आपल्या मुलाच्या साहाय्याने केला होता आणि १८८० मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. कोंबाच्या टोकाला उजेड 'कळतो' आणि वाकतो मात्र त्याखालचा भाग, हे त्यांनी दाखवले. आपण मात्र दर आठवड्याला कुंडी पाव फेरा फिरवावी, म्हणजे रोप सरळ राहते.

कमी उजेडातून जास्त उजेडात नेताना घाई करू नये. आठपंधरा दिवसांत टप्प्याटप्प्याने न्यावे. उजेड आणि पाणी यांचाही मेळ घालावा लागतो. अंधाऱ्या जागी रोप पाणी कमी पिते. तेथे रोज पाणी घातले तर मुळे कुजतात. नारळाच्या शेंड्या, कोळशाचे तुकडे आणि विटांचे खडे यांचे मिश्रण कुंडीत भरले तर पाणी साचून राहत नाही. या गोष्टी आपल्याकडे सहज मिळतात.

विजेचा दिवा चालेल का?

चालेल. झाड सूर्याचा उजेड आणि पांढऱ्या एलईडी दिव्याचा उजेड यांत पंक्तिभेद करत नाही. तांबडे आणि निळे किरण दोहोंत असतात. प्रश्न अंतराचा आहे. दहा वॅटचा एलईडी दिवा रोपावर एक फुटावर टांगला तर पानांवर साधारण दोन हजार लक्स उजेड पडतो. दोन फुटांवर नेला की पाचशे. अंतर दुप्पट तर उजेड चौथाई. छताचा दिवा रोपाच्या कामी येत नाही तो यामुळेच. असे दोन दिवे रोज बारा तास लावले तर महिन्याला सुमारे सात युनिट वीज लागते. खिडकीतून थोडाफार उजेड येत असेल तर ही भर पुरेशी ठरते. रात्री मात्र दिवा बंद करावा.

कुंड्यांची फेरपालट

सर्वांनाच हा विजेचा खर्च परवडेल असे नाही. आमच्या इमारतीत यावर एक वेगळा मार्ग निघाला, तो सांगण्यासारखा आहे. अँथुरियमला फुलायला उजेड लागतो. पण एकदा उमललेले फूल कमी उजेडातही काही आठवडे टवटवीत राहते. याचा फायदा घेऊन चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत सगळ्यांच्या कुंड्या ठेवायच्या आणि जी फुलेल ती तीन आठवड्यांसाठी खाली न्यायची, असे ठरले. तळमजल्यावर एक काकू राहतात. गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही. त्यांच्या खिडकीतून आकाश दिसत नाही. पण गेल्या वर्षभरात त्यांच्या खिडकीत फूल नाही असे दिवस थोडेच गेले. पाणी घालण्याचे काम चौथ्या मजल्यावरच्या वहिनींकडे, ने-आण आम्हा मुलांकडे, आणि शेंड्या निवडून मिश्रण तयार करण्याचे काम काकूंकडे.

ही तडजोड आहे, हे मला मान्य आहे. कुंडी वर नेता येते, घर वर नेता येत नाही. ज्या खोलीत अँथुरियम फुलत नाही त्या खोलीत मुले अभ्यास करतात आणि म्हातारी माणसे दिवस काढतात. दोन इमारतींमधील अंतर ही केवळ नकाशावरची रेघ नसून ती कोणाच्या तरी वाट्याचा उजेड असते, हे या रोपाच्या निमित्ताने मला उमगले. आपल्या महाविद्यालयातील ज्या मित्रांना पुढे नगररचना, स्थानिक प्रशासन किंवा बांधकाम या क्षेत्रांत जाण्याची संधी मिळेल, त्यांनी तळमजल्याच्या खिडकीशी बसून एकदा वर पाहावे. तोवर बाकीच्यांनी आपापल्या घरी पांढरा कागद घेऊन हाताची सावली पाहायला हरकत नाही.